रंगसुद्धा ओरिजनल

रोनक छाजेड भांडी विकतो. जळगावात त्याच्या वडिलांचं, रतनलालकाकांचं, स्टीलचं आणि पितळेचं दुकान आहे. त्या दुकानात जुन्या वस्तूला एकच नाव आहे. मोड. पितळेचा हंडा कितीही पिढ्यांचा असो, काट्यावर चढला की तो मोड. वजन करायचं, नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करायचं, मागच्या खोलीत टाकायचं.

या घरातल्या मुलाला जुन्या गिटारींचं वेड लागलं, हे काकांना अजून पटलेलं नाही.

"आपण जुनं घेऊन नवीन देतो," ते मला सांगतात. "हा नवीन नोटा देऊन जुनं आणतो. आणि वरून म्हणतो, पुसू नका."

पुसू नका, हे खरं आहे. पिंप्राळ्याच्या घरात त्याच्या खोलीच्या भिंतीवर दोन गिटारी टांगलेल्या असायच्या. एकदा कामवाल्या मावशींनी त्यांच्यावर ओलं फडकं फिरवलं. रोनक त्यांना काही बोलला नाही. फक्त जेवला नाही.

मी तेजस. आम्ही कॉलेजात बरोबर होतो. त्याने कॉमर्स केलं, मी मराठीत एम.ए. झालो. तो मला साहित्यिक म्हणतो. त्यात आदर नसतो.

गिटार त्याला जेमतेम वाजवता येते. ओळखता मात्र फार चांगली येते. सुरतेहून, इंदूरहून, पुण्याहून लोक त्याला फोटो पाठवतात आणि विचारतात, ही खरी आहे का, काय मिळतील हिचे. तो आधी मागच्या बाजूचा फोटो मागवतो. मग स्क्रूंचा. मग गिटारीची लांब मान काढून, ती बसते त्या आतल्या खाचेचा. आतल्या तारांना कुणी सोल्डरचा नवा डाग दिला आहे का, ते बघतो. आणि रंग. रंगाशी तो सगळ्यात जास्त वेळ थांबतो.

"साठ वर्षं जुना रंग असा तडकतो," त्याने मला एकदा दाखवलं होतं. केसासारख्या बारीक भेगा, आडव्या. "हे कुणाला नक्कल करता येत नाही. एखाद्याने हिला नवा रंग मारला की किंमत निम्मी."

"आवाज बदलतो?"

"नाही."

"मग?"

"घेणारा आवाजासाठी घेत नाही, साहित्यिक. त्याला हात न लागलेली वस्तू पाहिजे असते."

अशी वस्तू दिसली की तो एकच शब्द म्हणतो. ओरिजनल. तो हलक्या हाताने हा शब्द देत नाही. म्हणून लोक त्याला विचारतात.

दिवाळीच्या तोंडावर दोंडाईच्याहून त्याला एक फोटो आला. पाठवणाऱ्या बाईंचं नाव रत्ना. त्यांचे वडील वनाआबा वरणगावच्या फॅक्टरीतून निवृत्त झालेले. तरुणपणी ते भुसावळकडच्या एका ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचे. ती गिटार त्यांनी भुसावळच्या एका अँग्लो इंडियन रेल्वे ड्रायव्हरकडून घेतली होती, तो कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला निघाला तेव्हा. आता ती विकायची होती.

कारणही रत्नाताईंनी लिहिलं होतं. त्या मिरची कांडपावर कामाला होत्या. मालक म्हातारे झाले होते. यंत्र आणि गाळा संक्रांतीपर्यंत त्यांना द्यायला तयार होते. नंतर दुसऱ्याला.

रोनकने तो फोटो मला दुकानात दाखवला. कडेने काळपट, मध्ये मधासारखी. कोपर टेकतं तिथे रंग जाऊन लाकूड उघडं पडलेलं. सगळ्या अंगावर त्या केसासारख्या भेगा.

"अमेरिकन आहे," तो म्हणाला. "आणि हिला कुणी हात लावलेला नाही."

तो नंतर वनाआबांशी फोनवर बोलला. मी तेव्हा तिथे नव्हतो. धनतेरस तोंडावर होती, भांड्यांच्या दुकानाला त्या दिवसांत दार लावायची सोय नसते. तुळशीचं लग्न झाल्यावर येतो, असं त्याने आबांना सांगितलं.

तुळशीचं लग्न झाल्यावर आम्ही सुरतच्या गाडीने दोंडाईच्याला गेलो. स्टेशनच्या बाहेर मोकळ्या जागांवर मिरची वाळत घातली होती. जमीन दिसत नव्हती. रोनक वाटभर बोलत होता. पुण्यात कुणाला दाखवायची, मुंबईचा कोण जास्त देईल. यंत्र येईल आणि वर उरतील, म्हणाला.

आबा दारातच उभे होते. उंच, वाकलेले, धुतलेला सदरा.

"या शेठ. बठा. हाई कोन?"

"माझा मित्र. साहित्यिक आहे."

"म्हंजे काय करस?"

"काही नाही," रोनक म्हणाला.

आबा हसले. त्यांनी चहा सांगितला. मग आतून एक लांब गाठोडं आणलं, नव्या टॉवेलात गुंडाळलेलं, आणि खाटेवर ठेवलं. रोनकने खिशातून छोटा पेचकस काढून हाताशी ठेवला. आबांनी टॉवेल सोडला.

गिटारीत मला माझा चेहरा दिसला.

ती लखलखत होती. कड काळी, मधला भाग पिवळा, काचेसारखा. एक भेग नव्हती. कोपराची जागा भरून आली होती. धातूच्या पट्ट्यांवर नवा मुलामा, स्क्रू नवे, पितळी.

"देख," आबा म्हणाले. "बठ्ठी ओरिजनल करी टाकी."

रोनकने कोपराच्या जागेवर बोट फिरवलं.

"आमना गल्लीना स्वप्नीलनी केलं. मोटरसायकलना टाक्या रंगाडस तो. तू धाडा व्हता ना फोटो, नवी व्हती तवय कशी दिसे त्याना? तो समोर ठिसनी केलं. जुना रंग लई पक्का व्हता. निंघे ना. घासी घासी काढा."

"जुने स्क्रू?" रोनकने विचारलं.

"गंजेल व्हतात. फेकी दिधात." आबांनी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "तूच सांगेल व्हतं ना फोनवर, रंगसुद्धा ओरिजनल पाहिजे?"

"हो," रोनक म्हणाला. "मीच सांगितलं होतं."

आपल्याकडे ठोकलेली गाडी गॅरेजमधून परत येते तेव्हा मेस्त्री म्हणतो, घ्या, ओरिजनल करून दिली. म्हणजे कंपनीतून आली होती तशी. कुलर, सायकल, देवघर, काहीही असंच ओरिजनल होतं. आबांनी ऐकण्यात एका अक्षराची चूक केली नव्हती.

रोनकने पेचकस उचलला. मानेचे स्क्रू काढले. हात हळू चालत होता. मान वेगळी झाली तशी आतली खाच दिसली. रंगाचा फवारा आत जाऊ नये म्हणून स्वप्नीलने तिथे वर्तमानपत्राचा बोळा कोंबला असावा. तेवढी जागा सुटली होती. तळहातापेक्षा लहान. तिथे तो जुना मधाचा रंग होता. भेगा होत्या. लाकडावर पेन्सिलने लिहिलेली पुसट तारीख होती, कारखान्यातल्या कुणाच्या तरी हातची.

म्हणजे गिटार खरी होती. पूर्ण खरी. त्या खाचेकडे तो इतका वेळ बघत राहिला की आबांनी विचारलं, "काही तुटेल शे का?"

"नाही आबा."

तेवढ्यात रत्नाताई कामावरून आल्या. चाळिशीच्या असतील. पदराला, पापण्यांना लाल धूळ. हात धुवायच्या आधी दारातूनच त्यांनी विचारलं.

"सांगा ना भाऊ. शे का ओरिजनल?"

मी रोनककडे पाहिलं. मला वाटलं, आता तो सांगेल. वाईट वाटेल, पण सांगेल. या एका बाबतीत मी त्याला कधी खोटं बोलताना पाहिलं नव्हतं. सुरतच्या एका श्रीमंत माणसाला त्याने तोंडावर सांगितलं होतं, तुमची गिटार चौपाटीवरची आहे.

"शे," रोनक म्हणाला. "ओरिजनल शे."

दुकानात गिऱ्हाइकाला कढई दाखवताना त्याचा जो आवाज असतो, त्या आवाजात.

रत्नाताई उंबऱ्यावरच बसल्या. आबांनी गल्लीकडे तोंड करून हाक मारली आणि स्वप्नील आला. कोवळ्या मिशांचा मुलगा, नखांत निळा रंग. आबांनी त्याच्या पाठीवर थाप मारली.

"आते बोल. शेठ काय म्हनस, आईक."

"छान हात आहे तुझा," रोनक त्याला म्हणाला. हे तरी खरं होतं.

"अजून कुणाची असली तर पाठवा भाऊ," स्वप्नील म्हणाला. "माझ्याकडे सगळ्या शेड आहेत."

परतीच्या गाडीत रोनक खिडकीशी बसला. गिटार त्याने मांडीवर आडवी धरली होती. संक्रांतीच्या आत गिऱ्हाईक आणतो, असं सांगून तो ती घेऊन आला होता. नरडाणा गेलं तसा तो माझ्याकडे वळला.

"त्यांनी मला सांगितलं होतं," एकदम म्हणाला.

"काय?"

"आबांनी. फोनवर. तू येशी तवलोंग बठ्ठं ओरिजनल करी ठेवसू. हेच शब्द. मी येईपर्यंत सगळं. मी गल्ल्यावर होतो. एक बाई कढई ठोकून बघत होती, दुसरी म्हणत होती आमचं बिल करा. मी ऐकलं ते. मला हसू आलं."

"आणि?"

"मी म्हटलं, ठेवा."

"तुला काय वाटलं त्यांना काय म्हणायचंय?"

"मला वाटलं, बोलायची पद्धत आहे."

त्याच्या जागी मीही हसलो असतो, त्या वाक्याची मजा कुणाला तरी सांगितली असती.

"पण आज खरं सांगायला हवं होतंस," मी म्हणालो. "निम्मी किंमत तरी आली असती."

"निम्म्यात अर्धं यंत्र येत नाही."

"गिऱ्हाईक कुठून आणणार मग? ओरिजनलच्या भावाने ही कोण घेईल?"

"अमळनेर आलं," तो म्हणाला. "चहा घे."

संक्रांतीच्या दोन-चार दिवस आधी रत्नाताईंचा त्याला फोन आला. यंत्र झालं होतं. गाळ्यावर नारळ फोडला होता. त्या संध्याकाळी मी पिंप्राळ्याला त्याच्या घरी गेलो. काका पुढच्या खोलीत पेपर वाचत होते.

"बरं झालं," मला बघून म्हणाले. "खोलीतला कचरा काढला त्याने. आता एकच आणलीय. पण निदान चमकते तरी."

आत भिंतीवर दोन खिळे होते. नुसते खिळे. पलंगावर तो टॉवेल होता आणि टॉवेलात ती गिटार.

त्या दोन गिटारींसाठी त्याने किती वर्षं वाट पाहिली होती, कुठल्या कुठल्या गावांना गेला होता, मला माहीत होतं.

"हे काय?" मी विचारलं.

"गिऱ्हाईक मिळालं," रोनक म्हणाला. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

त्याने ती टॉवेलातून कधी बाहेर काढलेली मी पाहिली नाही. ते बोलणं आम्ही टाळायचो. मला त्याचा अभिमान वाटत होता आणि त्याला ते कळत होतं. ते त्याला सहन होत नव्हतं.

"तू माझ्याकडे असं बघू नको," एकदा म्हणाला. "मी भरपाई केली. भरपाई म्हणजे चांगुलपणा नाही."

होळीच्या सुमारास धुळ्याहून फोन आला. हितेंद्र सर म्हणून एक निवृत्त शिक्षक होते. एके काळी वनाआबांबरोबर त्याच ऑर्केस्ट्रात वाजवलेले. त्यांच्याकडेही जुनी गिटार होती. त्यांनी विचारलं नाही, कळवलं. वनाची तुम्ही विकून दिलीत, फार छान झालं, माझीही ओरिजनल करून घेतो आहे. उद्या दोंडाईच्याचा तो रंगवणारा पोरगा येतोय घ्यायला.

रोनकने दुकान काकांवर सोडलं. काका काय बोलले ते आम्ही ऐकायला थांबलो नाही. मोटरसायकलवर आम्ही धुळ्याला गेलो.

सरांनी गिटार टेबलावर काढून ठेवली होती. वनाआबांच्या गिटारीचा पहिला फोटो मला आठवत होता. हीसुद्धा तशीच. मधासारखी, कोपराशी घासलेली, अंगभर भेगा. रोनकने हात मागे बांधले.

"सर, हिला काही करू नका. पुसूसुद्धा नका."

"का हो?"

"रंग काढला की हिची किंमत जाईल."

"पण वनाची तर..."

"ती वेगळी होती," रोनक पटकन म्हणाला.

"वेगळी कशी?" सर हसले. "ड्रायव्हर दोघे भाऊ होते. एकाची वनाने घेतली, दुसऱ्याची मी. एकाच पेटीतून आल्या म्हणा ना."

मला दिसत होतं, रोनक दुसरं कारण शोधतोय. लाकूड वेगळं म्हणाला असता. रंगाची जात वेगळी म्हणाला असता. सरांना ते खरं वाटलं असतं. पण त्याने समोरच्या गिटारीकडे पाहिलं आणि सांगून टाकलं. फोनवर काय म्हणालो, आबांनी काय समजून घेतलं, आपण दोंडाईच्याला काय खोटं बोललो.

सरांनी चष्मा काढला.

"म्हणजे वनाची गेली."

"गिटार खरी आहे. रंग गेला."

"आणि ज्याने पूर्ण पैसे दिले, तो मूर्ख होता?"

"हो सर."

मी खाली बघत होतो.

"वनाला हे माहीत पाहिजे," सर म्हणाले. त्यांनी टेबलावरचा फोन उचलला.

"थांबा सर," रोनक म्हणाला. पण घंटी वाजायला लागली होती. सरांना ऐकायला कमी येतं. ते फोन स्पीकरवरच घेतात.

मागे कांडपाचा धप धप आवाज होता. आबा खुशीत होते.

"काय मास्तर? रंगाडी का तुनी? का अजून बायकोले इचारी राहिना?"

सरांनी त्यांना सांगितलं. शाळेत धडा समजावतात तसं, एकेक मुद्दा. सरांच्या मनात वाईट काही नव्हतं. तिकडून फक्त धप धप येत राहिली. मग तीही लांब गेली. आबा गाळ्यातून बाहेर आले असावेत.

"रोनक शे का तठे?"

"आहे आबा," रोनक म्हणाला.

"घेनारा कोन व्हता?"

रोनक शेजारच्या खुर्चीवर बसला.

"तूच ना?"

"हो आबा."

मला वाटलं, फोन कट झाला.

"रत्नाले सांगू नको," आबा म्हणाले. "तिले वाटस, ती बापना वस्तूवर उभी शे."

फोन बंद झाला. सरांनी गिटार उचलली आणि कपाटात ठेवून दिली. रोनक त्यांच्या पाया पडला. का, ते सरांना कळलं नाही.

मग रोनकची झोप उडाली. पूर्वी मी एकटा खोटं बोललो होतो, आता आबा आणि मी मिळून रत्नाताईंशी बोलतोय, म्हणाला. आणि आबांना मी त्यात ओढलं. मी त्याला म्हणालो, दोंडाईच्याला जाऊन ये. तो म्हणाला, तू पण चल. मी असलो की कुणी फार बोलणार नाही, असा त्याचा हिशेब असावा.

गाळा स्टेशनजवळच होता. उन्हाळ्याचा तिखटाचा हंगाम. बाया डबे घेऊन रांगेत. रत्नाताई यंत्रापाशी उभ्या होत्या, नाकातोंडाला पदर बांधून. आबा कोपऱ्यात खुर्चीवर. आम्हाला बघून त्या खरंच धावत आल्या.

"हाईच ते भाऊ," त्यांनी रांगेला सांगितलं. "यानीच आमनी गिटार पास करी."

बायांनी रोनककडे पाहिलं. त्याने नमस्कार केला. चहा आला. आबा त्याला एक शब्द बोलले नव्हते. रागावलेले दिसत नव्हते. रत्नाताईंकडे बघत होते आणि मग पटकन दुसरीकडे. रोनकही तेच करत होता.

"स्वप्नील कसा आहे?" रोनकने विचारलं.

"शे," आबा म्हणाले. "त्याले सांगं, टाक्याच रंगाड."

"का आबा?" रत्नाताई म्हणाल्या. "त्याना हात इतला चांगला शे."

"टाक्यास्ले चांगला शे."

रत्नाताईंनी यंत्रात मिरची ओतली. मग आठवल्यासारखं विचारलं, "भाऊ, ज्यानी घिदी तो वाजाडस का?"

रोनकने कप खाली ठेवला. "नाही ताई."

"मंग घिदी कसाले?"

आबा खुर्चीत पुढे झुकले. ते रोनककडे सरळ बघत होते, आम्ही आल्यापासून पहिल्यांदा.

"तारा आवळेल शेत का ढिल्ल्या?"

"आवळलेल्या आहेत."

"ढिल्ल्या करी ठेव म्हना त्याले. नुसती ठेयेल शे त मान वाकडी व्हई जाई."

"सांगतो."

"टॉवेलम्हा ठेवू नको म्हना. दमट पडस."

"सांगतो, आबा."

"बठ्ठी काळजी आबांलेच," रत्नाताई हसल्या. "इकी टाकी ना? आते त्यानी तो देखी लेई."

"हा," आबा म्हणाले. "देखी लेई."

निघताना रत्नाताईंनी दोन पिशव्या भरल्या. नवं तिखट, अजून गरम. एक रोनकच्या हातात दिली. मग दुसरी.

"आनि हाई त्याले," त्या म्हणाल्या. "त्यानामुळे मशीन उनी. त्याले देशी ना आठवनखाल?"

रोनकने आबांकडे पाहिलं. आबा जमिनीकडे बघत होते.

"देईन," तो म्हणाला.

गाडीत गर्दी होती. त्याने दोन्ही पिशव्या मांडीवर धरल्या होत्या. शेजारचे शिंकायला लागले. एक म्हणाला, भाऊ, वर ठेवा ना. रोनकने आपली पिशवी वर फळीवर ठेवली. दुसरीसाठी मी हात पुढे केला.

"राहू दे," तो म्हणाला. "ती त्याची आहे."